लिसमधलं सोनं: आयर्लंडच्या खेड्यांतल्या पुरलेल्या धनाच्या गोष्टी

पाऊसवेडी

लिमरिक काउंटीच्या पश्चिम भागात आम्ही राहायला आलो त्याला आता नऊ वर्षं झाली. घरामागे शेजारच्या आजोबांचं कुरण आहे आणि कुरणाच्या वरच्या टोकाला एक गोल उंचवटा. मातीचा बांध, बांधावर हॉथॉर्नची वाकडी काटेरी झाडं, आत गवत. बाकीचं कुरण दर उन्हाळ्यात ट्रॅक्टरने कापून सायलेज, म्हणजे मुरवलेला चारा, करतात. हा गोल तेवढा जिथल्या तिथे. पहिल्याच वर्षी मी आजोबांना विचारलं होतं, एवढी जागा का सोडता म्हणून. ते म्हणाले, "तो लिस आहे." मग थोडं थांबून, "त्यात सोनं आहे."

मी साहजिकच विचारलं, कुणी काढलं नाही का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळातल्या घंटेची किंमत विचारली. म्हणाले, "कशाला काढेल कुणी?"

हा प्रश्न नऊ वर्षं माझ्या डोक्यात आहे. त्यासाठीच हा धागा.

त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. फार जुन्या काळी गावातल्या एका माणसाला लागोपाठ तीन रात्री एकच स्वप्न पडलं: लिसमध्ये दगडी फरशीखाली सोन्याचं मडकं आहे. तिसऱ्या रात्रीनंतर तो दोघा सोबत्यांना घेऊन गेला. तिघंच हवेत, रात्रीच जायचं, आणि काम होईपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. काळ्या मुठीची सुरी जवळ ठेवली, कारण त्या सुरीला 'ती भली माणसं' भितात. कमरेइतका खड्डा झाल्यावर फावडं दगडावर वाजलं. फरशीच्या कडेखाली पहार घातली, ती हलली, आणि तेवढ्यात एकाने सहज मान वर केली तर खाली रस्त्याकडेला त्याचं घर पेटलेलं. छपरातून ज्वाळा. तो ओरडला आणि तिघंही धावत सुटले. घरी पोचतात तर सगळं निवांत. चुलीत राखेखाली निखारे, बायकोपोरं झोपलेली. परत लिसवर आले तेव्हा खड्डा पाण्याने भरला होता आणि फरशीचा पत्ता नव्हता.

'भली माणसं' म्हणजे तिथल्या जमिनीखाली राहणारी अदृश्य जमात. इंग्रजी पुस्तकांतल्या पंखवाल्या नाजूक पऱ्या इथल्या म्हाताऱ्यांना ओळखूच येणार नाहीत. त्यांचं खरं नाव घ्यायचं नाही म्हणून 'भली माणसं' म्हणायचं. आपल्याकडे रात्री सापाला 'लांबडं' म्हणतात, तसंच अगदी.

तर, अशा गोष्टी तुम्ही ऐकल्यात का? इथे राहणाऱ्यांनी तर नक्की लिहा.

माईआजी

छान लिहिलंस गं. वाचताना अंगावर काटा आला. आमच्या लहानपणी पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं म्हणत, आणि ज्याच्या नशिबी नाही त्याने हंडा उघडला तर आत कोळसे. तिकडेही कोळसे होतात का?

पाऊसवेडी

माईआजी, होतात! कुठे दगड होतात, कुठे वाळकी पानं, कुठे घोड्याची लीद. सकाळी उजेडात पिशवी उघडली की कळतं. पायाळू माणसाचं काही मी इथे ऐकलं नाही, इथे सगळा भार स्वप्नावर. तीन रात्री सलग पडलं तरच ते खरं. दोनदा पडून तिसऱ्या रात्री चुकलं तर त्या माणसाने गप्प बसावं.

अनुस्वार

लेप्रेकॉन, म्हणजे ते आयरिश बुटके, आणि इंद्रधनुष्याच्या टोकाला सोन्याचा हंडा एवढंच आम्हाला माहीत. ते खरंच गावातलं आहे की फक्त पर्यटकांसाठी?

पाऊसवेडी

लेप्रेकॉन गावातला आहे, पण हिरवा कोट घालून नाचणारा नव्हे. तो चांभार आहे. कुंपणाच्या आडोशाला एकटा बसून एकाच पायातला जोडा ठोकत असतो. दिसला तर नजर न हलवता धरायचा आणि धन कुठे आहे ते वदवून घ्यायचं. नजर हलली की तो गेला.

मला आवडलेली गोष्ट शेतातली आहे. एकाने त्याला पकडून पिवळ्या रॅगवर्टच्या एका रोपाखाली सोनं आहे हे कबूल करून घेतलं. जवळ फावडं नव्हतं, म्हणून त्याने आपल्या पायातली लाल पट्टी त्या रोपाला बांधली आणि लेप्रेकॉनकडून शब्द घेतला की ती सोडणार नाहीस. फावडं घेऊन आला तर सगळ्या शेतात, एकूण एक रोपाला, तशीच लाल पट्टी. शब्द मोडलेला नाही आणि सोनंही गेलं. उन्हाळ्यात इथली कुरणं रॅगवर्टने पिवळीधमक होतात. तेव्हा शेताकडे पाहिलं की त्या माणसाची अवस्था कळते.

खापरी

मी डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकलो. आयर्लंड हा माझा अभ्यासाचा प्रांत नाही, पण या गोल बांधांबद्दल बरंच वाचलंय, म्हणून थोडं लिहितो.

लिस किंवा रा म्हणतात ते बहुतेक इसवी सन ५०० ते १००० या काळातले शेतकऱ्यांचे वाडे. गोल बांध, बाहेर खंदक, आत लाकडी किंवा कुडाचं घर, रात्री गुरं आत. देशभरात अशी चाळीस हजारांवर ठिकाणं नोंदलेली आहेत, आणि युरोपात एवढ्या संख्येने टिकलेल्या जुन्या वस्त्या विरळा. खणलं तर आत बहुधा जनावरांची हाडं, लोखंडी सुऱ्या, काचेचे मणी, जात्याचे दगड मिळतात. काही ठिकाणी जमिनीखाली दगडी भुयार असतं, धान्य-दूध थंड ठेवायला आणि हल्ला झाला तर लपायला. अशा भुयाराचं तोंड एखाद्या पोराला सापडलं की त्याच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालणारच.

गावातले लोक याला 'डेनांचे किल्ले' म्हणतात हेही वाचलंय. डेन म्हणजे समुद्रापलीकडून आलेले व्हायकिंग. किल्ले डेनांचे नाहीत, पण धन आणि डेन यांचा संबंध अगदीच हवेतला नाही. व्हायकिंग लोकांचे हल्ले ७९५ साली सुरू झाले. मठांत चांदीसोन्याची पूजापात्रं होती आणि ती लपवायची तर जमिनीखेरीज जागा नव्हती. ज्यांनी पुरलं ते पुष्कळदा परत आलेच नाहीत. नंतर १६४९ मध्ये इंग्रज सेनानी क्रॉमवेल सैन्य घेऊन आला, त्यानंतर कॅथलिक पाद्र्यांवर बंदीचे कायदे आले. म्हणजे घाईघाईने काहीतरी पुरून पळायचा प्रसंग या लोकांवर पुन्हा पुन्हा आलेला आहे. गोष्टींमागे ती आठवण आहे असं मला वाटतं.

पाऊसवेडी

खापरी, किती छान. डेनांची एक गोष्ट इथे सगळ्यांना येते. डेन लोक हेदरच्या जांभळ्या फुलांपासून एक पेय करायचे. त्याची कृती आयरिश लोकांना हवी होती. शेवटी सगळ्या डेनांत एक बाप आणि एक मुलगा उरले. बाप म्हणाला, कृती सांगतो, पण मुलासमोर मला लाज वाटेल, आधी त्याला मारा. त्यांनी मारलं. मग बाप म्हणाला, "मुलगा कदाचित फुटला असता. आता मलाही मारा." कृती त्याच्यासोबत गेली. सोन्याचंही तसंच म्हणतात: जाताना पुरून गेले, आणि त्यांच्या देशात अजून कुठल्या शेतात काय आहे याचे कागद आहेत. कुणी परका माणूस गावात येऊन एखाद्या शेताची चौकशी करू लागला की जुनी माणसं आपसात बघायची.

भटक्या७७

गोष्टी सुंदर आहेत, पण एक सरळ प्रश्न. मेटल डिटेक्टर घेऊन एकदा लिसमध्ये फिरलं तर नऊ वर्षांचा प्रश्न एका दुपारी सुटेल. का नाही करत?

खापरी

कृपा करून असं सुचवू नका. आयर्लंडमध्ये पुरातन वस्तू शोधण्यासाठी विनापरवाना डिटेक्टर वापरणं १९८७ पासून गुन्हा आहे, आणि नोंदलेल्या स्मारकाच्या जागी तो नुसता जवळ बाळगणंही. हा कायदा कडक होण्यामागे डेरीनाफ्लानचं प्रकरण आहे.

टिपरेरी काउंटीत दलदलीच्या मधोमध कोरड्या जमिनीचा एक तुकडा आहे, त्यावर जुन्या मठाचे अवशेष. १७ फेब्रुवारी १९८० ला एका बापलेकाला तिथे डिटेक्टरने पालथं घातलेलं एक कांस्याचं पात्र सापडलं. त्याखाली चांदीचा चषक, प्रसादाची मोठी थाळी, थाळीची बैठक आणि गाळणी. आठव्या-नवव्या शतकातलं काम, युरोपातल्या सर्वांत देखण्या धार्मिक वस्तूंपैकी. मग मालकी कुणाची यावर खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. इंग्रज राजाचा 'पुरलेल्या धनावरचा हक्क' स्वतंत्र आयर्लंडला वारशाने मिळालेला नाही, पण सार्वभौम राष्ट्र म्हणून असा ठेवा राष्ट्राचाच, असा निकाल डिसेंबर १९८७ मध्ये लागला. बापलेकांना पन्नास हजार पौंड बक्षीस मिळालं. १९९४ च्या कायद्याने मग मालकी नसलेल्या सगळ्या पुरातन वस्तू राष्ट्राच्या, आणि सापडल्यास ९६ तासांत कळवायचं, असं ठरलं.

आपल्याकडे अजून १८७८ चा निखात निधी कायदा चालतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. तो इंग्रजांनी केलेला, आणि आयरिश लोकांनी मात्र इंग्रजांचा जुना हक्क झटकून नवा पाया घातला. मला तो निकाल वाचताना खूप भरून आलं होतं.

पाऊसवेडी

डेरीनाफ्लानबद्दल एक जोडते. त्या बेटावर गोबान सेअरचं थडगं आहे अशी समजूत आहे. गोबान म्हणजे दंतकथेतला थोर कारागीर, विश्वकर्म्यासारखा, आयर्लंडमधले कितीतरी जुने मनोरे आणि मठ लोक त्याच्या नावावर सांगतात. अशा माणसाच्या पायाशी हजार वर्षं ती थाळी पडून होती. कडेला सोन्याच्या तारेची इतकी बारीक नक्षी आहे की डब्लिनच्या संग्रहालयात मी काचेला नाक लावून उभी होते. मुलगी ओढून न्यायला लागली तेव्हा निघाले.

बेलफास्टकर

मी इथे रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळी संपली की कधीकधी अल्स्टर म्युझियममध्ये जाते, प्रवेश मोफत असतो. तिथे जिरोनाचं सोनं ठेवलंय आणि त्याची गोष्ट या धाग्यात शोभेल.

१५८८ मध्ये स्पॅनिश आरमार इंग्लंडकडून हरून उत्तरेला वळसा घालून परत निघालं, त्यात जिरोना नावाचं जहाज अँट्रिमच्या किनाऱ्यावर खडकांवर फुटलं. आधी बुडालेल्या जहाजांतली माणसंही त्यावर चढलेली होती. हजारावर लोक गेले, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वाचले. नेमकं कुठे फुटलं ते जुन्या कागदांवरून नीट कळत नव्हतं आणि लोक भलतीकडे शोधत राहिले. पण तिथल्या एका छोट्या खाडीला गावकरी पोर्ट ना स्पॅनिया म्हणत होते, स्पॅनियार्डांची खाडी. रॉबेर स्तेनुई नावाच्या बेल्जियन पाणबुड्याने १९६७ मध्ये त्या नावावर विश्वास ठेवला, शेजारच्या लकाडा टोकापाशी बुडी मारली, आणि जहाज तिथेच होतं. जवळजवळ ३८० वर्षं ती खबर कोळ्यांच्या आणि मेंढपाळांच्या तोंडी फिरत होती.

वर आलेल्या वस्तूंत सोन्याचा पंखवाला सरडा आहे, पाठीवर माणकं. आणि अंगठ्या. एका अंगठीवर हात आणि हृदय कोरलंय आणि स्पॅनिशमध्ये लिहिलंय, 'तुला देण्याजोगं माझ्याकडे याहून जास्त काही नाही.' कुणीतरी निघताना दिली असेल. मी घरापासून इतकी लांब राहते, मला त्या अंगठीसमोर उभं राहवत नाही फार वेळ.

माईआजी

बेलफास्टकर, तुझं शेवटचं वाक्य वाचून डोळे भरले. जपून राहा बाळा.

गढीवरचा

मी या धाग्यात थोडा कडू बोलणार आहे. माझं गाव मराठवाड्यात, पडक्या गढीच्या पायथ्याशी घर. गुप्तधनाच्या गोष्टी आमच्याकडे गोष्टी राहत नाहीत. रात्री कंदील घेऊन माणसं आलेली मी लहानपणी पाहिली आहेत. सकाळी खड्ड्याशेजारी कापलेलं कोंबडं, लिंबं, कुंकू. आमच्या गल्लीतल्या एका पायाळू मुलीला तिची आई संध्याकाळनंतर दारातसुद्धा उभी राहू देत नसे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाचा उल्लेख मुद्दाम करावा लागला तो उगाच नाही. म्हणून धनाच्या गोष्टी गोड वाटल्या तरी माझ्या पोटात कालवतं. तिकडे ही बाजू नाही का?

पाऊसवेडी

गढीवरचा, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. गोष्टींच्या आत ही बाजू आहे. बऱ्याच ठिकाणी सांगतात की धन पुरताना म्होरक्या विचारतो, "हे राखायला कोण राहील?" एखादा निष्ठावान गडी पुढे होतो, मी राहतो म्हणतो. तिथेच त्याचं डोकं उडवतात आणि त्याला सोन्यावर पुरतात. तेव्हापासून तो राखतो. कुठे बिनडोक्याचा माणूस दिसतो, कुठे काळा कुत्रा, काळी मांजर, बैल. काही गोष्टींत तर असंही आहे की सोनं हवं तर काढणाऱ्यांपैकी एकाचा जीव जाणारच, आणि ते कळल्यावर तिघंही फावडी खाली ठेवून घरी जातात.

मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. मी शेकडो गोष्टी वाचल्या आहेत, आणि बहुतेकांत माणसं माघारी फिरतात. वारा सुटतो, पेटलेलं घर दिसतं, बैल धावून येतो, आणि सोनं जमिनीतच राहतं. जो हट्टाने पुढे जातो तो वर्षाच्या आत मरतो किंवा त्याचा हात वाळतो. म्हणजे गोष्ट ऐकून वाढलेलं पोर खणायला जाण्याऐवजी न खणायला शिकतं. आजोबांचं "कशाला काढेल कुणी?" तिथून आलंय असं मला हळूहळू वाटू लागलंय.

या गोष्टी कुठे वाचल्या तेही सांगते. १९३७ ते १९३९ मध्ये आयरिश लोककथा आयोगाने एक अचाट काम केलं. सव्वीस काउंट्यांतल्या सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतली वरच्या वर्गांतली पोरं, साधारण अकरा ते चौदा वर्षांची, घरी पाठवली: आजीआजोबांना, शेजाऱ्यांना विचारा आणि वहीत लिहून आणा. पन्नास हजारांच्या आसपास मुलं, सात लाखांवर पानं. शिक्षकांना विषयांची एक पुस्तिका दिली होती. हवामानाचे ठोकताळे, खेळ, दुष्काळाच्या आठवणी, विहिरी, कोडी, औषधं. त्यातला पहिला विषय कोणता होता माहीत आहे? पुरलेलं धन. मला नेहमी वाटतं, ज्याने तो पहिला ठेवला त्याला मुलांचं मन कळत होतं. आजोबांना "औषधं सांगा" म्हटलं तर ते "जा, नंतर ये" म्हणतील, पण "आपल्या शेतात सोनं आहे का हो?" म्हटलं तर खुर्ची ओढून बसतील.

आता हा सगळा संग्रह डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजकडे आहे, २०१७ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत आहे, आणि दूखस नावाच्या संकेतस्थळावर पानन्‌पान मोफत बघता येतं. मुलांचं मूळ अक्षर, शाईचे डाग, खाली नाव, सांगणाऱ्याचं नाव आणि वय.

अनुस्वार

वा! हे म्हणजे गाववार शोधता येतं?

पाऊसवेडी

हो, काउंटी, शाळा, विषय, आडनाव, सगळ्यावरून.

खापरी

'न खणायला शिकतं' यावर विचार करत होतो. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. एवढे हजारो गोल बांध आज टिकलेत ते कायद्यापेक्षा या धाकामुळे. त्या मानाने जिथे धाक नव्हता तिथे काय झालं पाहा. १८५४ मध्ये क्लेअर काउंटीत लोहमार्गाचं काम चालू असताना मुहॉनच्या टेकडीकिल्ल्याजवळ मजुरांना कांस्ययुगातला सोन्याचा साठा लागला. दीडशेहून अधिक वस्तू: कडी, गळ्यातल्या हसळ्या. बहुतेक सोनारांकडे जाऊन वितळल्या. त्या मजुरांना मी दोष देत नाही, भयंकर दुष्काळाला जेमतेम काही वर्षं झाली होती. पण आज जे उरलंय ते मूठभर.

आणि १८९९ ते १९०२ मध्ये तर इंग्लंडहून आलेल्या एका पंथाच्या लोकांनी, बायबलमधला कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञा ठेवलेली पेटी, सापडेल म्हणून, ताराच्या टेकडीवर, म्हणजे आयर्लंडच्या राजांच्या अभिषेकाच्या जागी, खणून ठेवलं. कवी येट्स आणि डग्लस हाइड यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून निषेध केला तेव्हा ते थांबलं.

पाऊसवेडी, तुम्ही लिमरिकच्या पश्चिमेला आहात तर आर्डा गाव जवळच असेल ना?

पाऊसवेडी

अगदी जवळ! आणि तिथलं सोनं खरोखर लिसमध्येच निघालं. १८६८ साली रीरास्टा नावाच्या लिसमध्ये दोघं तरुण बटाटे काढत होते, तेव्हा तो प्रसिद्ध 'आर्डा चषक' मिळाला, सोबत एक साधा कांस्याचा पेला आणि चार मोठ्या पिना. चषक आठव्या शतकातला, साडेतीनशेहून अधिक तुकडे जोडून केलेला. आयरिश फुटबॉलचा सॅम मॅग्वायर चषक याच घाटावर घडवलाय, म्हणजे दरवर्षी अंतिम सामन्यानंतर कप्तान जो उचलतो त्याचं मूळ आमच्या इथल्या बटाट्याच्या वाफ्यात. आजोबा फुटबॉलचे नव्हे, हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळाचे चाहते, तरी हे सांगताना त्यांची छाती फुगते.

मी त्यांना म्हटलं, बघा, तिथे तर निघालं सोनं. ते म्हणाले, "ते शोधायला गेले नव्हते. बटाटे काढत होते."

भटक्या७७

डिटेक्टरचं मी मागे घेतो. मला खरंच कल्पना नव्हती. पण एक विचारतो, सोनं मिळाल्याची एकही गोष्ट नाही? सगळ्या हरण्याच्याच?

पाऊसवेडी

आहे, आणि ती इथलीच आहे. निवांत सांगते.

एक गरीब माणूस. घरामागे एकटं काटेरी झाड, दोन शेळ्या, बाकी काही नाही. त्याला तीन रात्री स्वप्न पडलं: लिमरिकच्या पुलावर जा, तिथे तुझं नशीब उघडेल. बायको म्हणाली जा. भाकरी बांधून चालत निघाला. पुलावर पोचला, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. माणसं, गाड्या, खाली शॅननचं पाणी. काहीच नाही. दुसरा दिवस तसाच. तिसऱ्या दिवशी पुलाशेजारचा चांभार दुकानातून बाहेर आला. "तीन दिवस बघतोय, काही हरवलंय का?" याने लाजत स्वप्नाचं सांगितलं. चांभार हसला. "अरे स्वप्नावर कोण चालतं? मलाही या तीन रात्री पडतंय की अमुक गावी, एका घरामागे, एकट्या काटेरी झाडाखाली सोन्याचं मडकं आहे. ते गाव कुठे आहे हेसुद्धा मला माहीत नाही. मी गेलो का?" गाव याचंच. झाड याचंच. तो काही न बोलता घरी परतला, झाडाखाली खणलं आणि मडकं मिळालं.

इथे थांबली असती तरी गोष्ट छानच होती. पण मडक्यावर एक दगडी झाकण होतं, त्यावर अक्षरं. घरात कुणाला वाचता येईना, म्हणून त्यांनी ते चुलीजवळ ठेवून दिलं. एके रात्री पावसात एक फिरता विद्यार्थी आसऱ्याला आला. त्या काळी अशी गरीब मुलं लॅटिन शिकायला गावोगाव फिरायची आणि कुठलंही घर त्यांना जेवू घालायचं. शेकत बसला असताना त्याची नजर दगडावर गेली. "हे काय लिहिलंय माहीत आहे? 'याच्या दुसऱ्या बाजूला एवढंच आणखी आहे.'" नवराबायको एकमेकांकडे बघून गप्प. तो सकाळी गेल्यावर झाडाची दुसरी बाजू खणली, आणि दुसरं मडकं निघालं.

स्वप्नावर घर सोडून जाणारा माणूस, आणि दारी आलेल्याला जेवू घालणारं घर. सोनं मिळतं ते त्यांना.

गढीवरचा

ही गोष्ट मी आज माझ्या मुलीला सांगितली. झाकणावरची अक्षरं तिला फार आवडली. शाळा शिकलं की दुसरं मडकं सापडतं, असं तिने परस्पर ठरवून टाकलं.

अनुस्वार

पाऊसवेडी, तुमच्या आजोबांच्या शाळेची वही त्या संकेतस्थळावर पाहिलीत का? त्यांची गोष्ट त्यात असेलच की!

पाऊसवेडी

अनुस्वार, तुमच्या प्रश्नाने माझा अख्खा शनिवार घेतला. किती आभार मानू.

आजोबांचा जन्म १९४० चा, म्हणून मी कधी शोधलंच नव्हतं, ते त्या मुलांत असणं शक्य नव्हतं. पण त्यांची थोरली बहीण १९३८ मध्ये बारा वर्षांची होती. मी आडनाव घातलं, शाळा घातली, आणि ती होती. दीड पान. तिरकं, काळजीपूर्वक अक्षर. शीर्षक: पुरलेलं धन.

लॅपटॉप घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा बदलला आणि पडद्याला हात न लावता, नुसतं बोट जवळ नेत ओळीओळीने वाचलं. बहीण जाऊन पंधरा वर्षं झाली. गोष्ट तीच: तीन रात्री, तीन माणसं, फरशी, पेटलेलं घर. फक्त तिने एक गोष्ट लिहिली होती जी आजोबांनी मला कधी सांगितली नव्हती. ज्याचं घर पेटलेलं दिसलं तो तिचा स्वतःचा आजोबा होता, आणि ते घर म्हणजे आम्ही ज्या स्वयंपाकघरात बसलो होतो तेच.

मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले, "होतं. घरातल्यांनी नाव घ्यायचं नाही असं ठरलेलं. तिने वहीत लिहिलं हे मात्र आज कळलं." आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मार खाल्ला असता तिने."

त्या निबंधाच्या शेवटी बहिणीने लिहिलं होतं की तो खड्डा अजून दिसतो. इतरही पुष्कळ मुलांच्या वह्यांत गोष्ट याच वाक्यावर संपते. मी ते मोठ्याने वाचल्यावर आजोबा उठले, काठी घेतली, बूट चढवले. पाऊस बारीक पडत होता. कुरणातून वर गेलो, बांधाच्या फटीतून त्यांनी मला पहिल्यांदाच आत नेलं. झाडांच्या बुंध्याशी एक वाटीसारखा खळगा, नेच्यांनी भरलेला, तळाला थोडं पाणी. मी वाकून बघायला पुढे झाले तर त्यांनी काठी आडवी धरली.

"इथून दिसतोय ना," ते म्हणाले.